पिठाच्या डब्यातला निषाद

द्वारकाबाई हेर्लेकरांच्या गळ्यातले स्वर संपले, तेव्हा ज्यांनी ज्यांनी ते मैफलीतून घरी नेले होते त्यांनी ते परत आणून द्यावेत, असं ठरलं.

यात कुणावर चोरीचा आळ नव्हता. बाईंचा स्वर एखाद्याला लागला की तो त्याच्याबरोबर घरी जायचा, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. माणूस मैफलीहून आला, कोट खुंटीला लावला आणि सकाळी खिशात गंधार सापडला, असं घरोघरी होत आलं होतं. बाई साठ-पासष्ट वर्षं गावोगाव गायल्या आणि लोकांनी पोटभर ऐकून वर बांधूनही नेलं. बाईंनी कधी कुणाला हटकलं नाही. पण विहीर कितीही खोल असली तरी तिला तळ असतोच. नव्वदी ओलांडल्यावर एका सकाळी बाई रियाजाला बसल्या, तंबोरा जुळवला, तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली. त्यांनी तंबोऱ्याला गवसणी घातली आणि चहा मागवला.

मग कोल्हापुरात समिती झाली. समितीशिवाय आपल्याकडे पानही हलत नाही. बाईंची शेवटची मैफल जाहीर झाली आणि समितीचे सचिव म्हणून पाटगावकर नावाचे गृहस्थ नेमले गेले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे साठा, आवक आणि टंचाई या तिन्ही गोष्टींचा त्यांना दांडगा सराव होता. ते रोज पेपरात निवेदन द्यायचे. षड्जाचा साठा समाधानकारक आहे. पंचमाची आवक अपेक्षेपेक्षा जास्त झाल्यामुळे यापुढे पंचम स्वीकारले जाणार नाहीत. स्वर झाकणाच्या भांड्यातूनच आणावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत आणू नयेत, पिशवीत ते घामेजतात. रेडिओवरून धरलेले स्वर कृपया आणू नयेत. आणि शेवटचं वाक्य बरेच दिवस तेच होतं. मंद्र निषादाची तीव्र टंचाई असून, ज्यांच्याकडे तो असेल त्यांनी बाईंचं वय लक्षात घेऊन त्वरित संपर्क साधावा.

जयसिंगपुरात मालन चौगुले हे वाक्य रोज वाचत होती आणि पेपराची घडी घालून फडताळात सारत होती. तिच्याकडे मंद्र निषाद होता. तो ज्वारीच्या पिठाच्या डब्यात राहायचा.

तो घरी आला त्याला चाळीस वर्षं व्हायला आली होती. मालनचा नवरा नेमिनाथ गुळाच्या अडतीत दिवाणजी होता. त्याच्या शेठजींना मैफलीचे दोन पास आले आणि शेठाणीला नेमका ताप भरला, म्हणून ही दोघं गेली. लग्न झाल्यावर दोघांनीच बाहेर जायची ती पहिली वेळ, आणि म्हटलं तर शेवटचीही. नेमिनाथाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तबला लागायच्या आत त्याला झोप लागली. बाईंनी मारवा धरला होता. मालनला तरी मारवा म्हणजे काय हे कुठे माहीत होतं? पण बाई खाली उतरल्या, आणखी खाली उतरल्या, आणि एका जागी जाऊन थांबल्या. तेव्हा मालनला वाटलं, आपल्याला कुणीतरी माहेरच्या नावाने हाक मारली. परतताना एसटीत तिच्या पदराशी काहीतरी गुणगुणायला लागलं.

"काय वाजालंय?" नेमिनाथाने विचारलं.

"बाईंचा सूर लागलाय वाटतं मला."

"बरं. खिडकी लावून घे," नेमिनाथ म्हणाला आणि पुन्हा झोपला.

घरात घट्ट झाकणाचा डबा एकच होता, तो पिठाचा. निषाद त्यात गेला आणि रमला. भाकरीला पीठ काढायला झाकण उघडलं की त्याचं सुरू व्हायचं, ते भाकऱ्या थापून होईपर्यंत चालायचं. पुढे लेक मोठी झाली, तिला हुबळीला दिली. नेमिनाथही गेला, त्याला आता चार वर्षं झाली होती. त्या दोन खोल्यांत मालनशिवाय आवाज काढणारं दुसरं काही उरलं नव्हतं. ती एकटीपुरती दीड भाकरी थापायची, पण परातीपुढे बसायची मात्र पूर्वीइतकीच.

तेव्हा द्यायचा म्हणजे काय द्यायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि एकदा दिला की गेला. स्वर बाईंना परत करता यायचा, कारण तो त्यांचाच; आपापसात देवघेव चालत नसे. मिरजेच्या एका वकिलांनी आपला धैवत लेकीच्या रुखवतात मांडला होता, आठ दिवसांत त्याचा डास झाला. स्वर हातानं देऊन मिळत नाही, तो लागावाच लागतो.

"देऊन टाक की गं," शेजारच्या सुमतीकाकू म्हणाल्या. "इतकी वर्षं फुकट खाल्लंस."

"खाल्लं कुठं काकू, ऐकलं."

"तेच ते. आणि बाई तोंड उघडून बसल्या, आणि निषाद तुझ्या पिठात, बरं दिसतंय का?"

बरं दिसत नव्हतं. पण बरं दिसण्यासाठी माणूस काय काय देत सुटणार? मालन दोन दिवस शेवया आणि भातावर राहिली, म्हणजे डबा उघडायला नको. मैफलीच्या दिवशी तिने ठरवलं की काहीच ठरवायचं नाही. डबा घेऊन नुसतं जायचं. बाईंना बघायचं आणि यायचं. पीठ तिने काढून ठेवलं नाही. निषादाला त्याची सवय होती, उगाच मोकळ्या डब्यात बावचळला असता.

एसटीत कंडक्टरने डब्याला कान लावला.

"काय हाय ह्यात?"

"निषाद."

"मांडीवर घ्या मग. शीटवर न्हाई ठेवायचा. परवा एकानं पंचम ठेवला होता शीटवर, दिवसभर गाडी त्याच पट्टीत वाजत होती."

मालनने डबा मांडीवर घेतला. हातकणंगल्याच्या पुढे गाडीत आणखी बरेच डबे दिसले. कुणाकडे थर्मास होता. एका म्हाताऱ्याने कुंकवाचा करंडा धोतराच्या सोग्यात बांधला होता. त्यात बायकोला लागलेला कोमल रिषभ आहे, बायको नाही म्हणून मीच आणलाय, असं तो जो विचारेल त्याला सांगत होता. बोलताना तो करंड्यावरून अंगठा फिरवत होता. मालन खिडकीबाहेर बघत राहिली.

नाट्यगृहाच्या दारात रांगा होत्या. शुद्ध स्वर डावीकडे, कोमल आणि तीव्र उजवीकडे. पाटगावकर मधोमध उभे होते. मालनने डबा पुढे केला तसं त्यांनी झाकण बोटभर उचललं, ऐकलं आणि झाकण लावलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. निवृत्त माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं की त्याला चष्माच आठवतो.

"मंद्र," ते म्हणाले. "एकही गळती नाही. ताई, आम्ही आशा सोडली होती. फक्त यात ज्वारीचं पीठ आहे."

"ते असू द्या."

"नियमात बसत नाही, पण टंचाईच्या काळात आपण पाहतो सवलतीनं. द्या इकडे."

मालनने डबा पोटाशी धरला. "मी बाईंच्याच हातात देणार. आणि देणारच असं बी काही न्हाई अजून."

पाटगावकरांची नोकरीतली उमेद धरणग्रस्तांशी बोलण्यात गेली होती. समोरचं माणूस कुठल्या आवाजात बोलतंय ते त्यांनी बरोबर ओळखलं. ते बाजूला झाले आणि त्यांनी तिला आत नेलं.

द्वारकाबाई रंगमंचामागच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. हिरवं नऊवारी लुगडं, पायांखाली पाट, आणि भोवती रिकाम्या भांड्यांचा ढीग, एखाद्या पंगतीनंतर असतो तसा. डबे, तांबे, फिरकीचे थर्मास, एक प्रेशर कुकर. मालनने त्यांना पाहिलं होतं तेव्हा त्या सगळा रंगमंच भरून बसल्या होत्या. आता खुर्चीतही दोन्ही बाजूंनी जागा उरत होती. मालनला भरून आलं. ती वाकून नमस्कार करायला गेली, पण डबा हातात असल्यामुळे ते नीट जमलं नाही.

"काय आणलंयस गं?" बाईंचा आवाज बोलण्यापुरता होता, गाण्याचा त्यात थेंब नव्हता.

"निषाद हाय. मारव्यातला."

बाईंनी डबा मागितला नाही. त्यांनी फक्त कान पुढे केला. मालनने झाकण उचललं. बराच वेळ बाई ऐकत राहिल्या, आणि आपलंच तान्हं परक्या घरी थोराड होऊन भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"गोळीबंद राहिलाय," त्या म्हणाल्या. "घर लहान आहे ना तुझं?"

"दोन खोल्या."

"म्हणून. बंगल्यातले पसरट होऊन आलेत सगळे. कोण कोण असतं घरी?"

"मी."

"आणि हा."

"व्हय. आणि हा."

बाईंनी कान मागे घेतला. "मग राहू दे. घेऊन जा. मी भूप म्हणेन. भूपात निषाद लागत नाही. लोकांना काय, मी समोर बसले तरी पुष्कळ झालं."

"तुमास्नी काय म्हणायचं होतं?"

बाई हसल्या. त्यांना दात नव्हते आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. "मला मारवा म्हणायचा होता. पण त्याच्यात शिरायचं तर निषादावरून शिरावं लागतं. उंबराच नसेल तर घरात जाणार कुठून?"

पाटगावकर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर लोक बसत असल्याचा, खुर्च्या उघडल्याचा आवाज येत होता. मालनला राग आला. कुणाचा ते कळेना. इतकी वर्षं आपण जे आपलं म्हणून परातीपुढे मांडून बसलो, ते या बाईचं होतं, आणि ही बाई ते असताना भूपावर भागवायला निघाली होती. ताटात चटणी असताना कोरडी भाकरी खाणारं माणूस मालनला आयुष्यभर बघवलं नव्हतं.

"घ्या," ती म्हणाली, आणि डबा तिने बाईंच्या मांडीवर ठेवला.

बाईंनी दोन्ही हातांनी डबा तोंडाजवळ नेला आणि श्वास आत घेतला. थोडं पीठही गेलं. त्यांना एक शिंक आली. मग त्यांनी डबा परत दिला. डब्यातून काही ऐकू येत नव्हतं. बाईंच्या वरच्या ओठावर पीठ लागलं होतं, ते पुसायचं धाडस कुणी केलं नाही, आणि त्या तशाच रंगमंचावर गेल्या.

दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. पडदा वर गेला तेव्हा अख्खं नाट्यगृह उठून उभं राहिलं. उठा असं कुणी कुणाला म्हणालं नाही. मालनला समितीने पुढची खुर्ची दिली होती. रिकामा, म्हणजे नुसतं पीठ असलेला डबा तिच्या पायाशी होता. बाहेर ऊन उतरत होतं. तंबोरे सुरू झाले. बाईंनी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि काहीच झालं नाही. मालनला वाटलं, पीठ आडवं आलं असणार.

आणि मग निषाद आला.

तो एवढा मोठा असेल हे मालनला माहीत नव्हतं. डब्यात तो भाकरीपुरता वाजायचा. इथे तो बाईंच्या त्या मूठभर देहातून निघाला आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन टेकला. शेजारच्या बाईने मालनचा हात धरला. ओळख नव्हती, पण अशा वेळी कुणाचा तरी हात लागतोच. बाई निषादावरून रिषभावर गेल्या, आणि करंडेवाल्या म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. कारण त्या रिषभात बांगड्या वाजत होत्या. सगळ्यांनीच ऐकल्या.

स्वर ज्या घरांत राहिले होते ती घरं त्यांच्याबरोबर आली होती. गंधार बार्शीच्या घड्याळजीकडे होता, त्यामुळे बाई गंधारावर थांबल्या की आत शेकडो घड्याळं चालायची. धैवत कुठल्याशा शाळेतल्या बाईंकडचा होता. त्यात पोरं पाढे म्हणत होती आणि चुकत होती. द्वारकाबाईंनी काहीही गाळलं नाही. ते सगळं त्यांनी उचललं आणि लयीत जिथल्या तिथे ठेवलं. तरुणपणी त्या एकट्या गायच्या. आता त्यांच्या गळ्यातून अर्धा महाराष्ट्र घरादारासकट गात होता, आणि तरी तो मारवाच होता. एक श्रुती इकडची तिकडे नव्हती. पुढच्या रांगेतले जाणकार, जे एरवी दाद द्यायलाही सुपारी कातरतात तसा विचार करतात, ते आज तोंड उघडं टाकून बसले होते.

बाई पुन्हा निषादावर आल्या आणि तिथे बैठक मारून बसल्या. मालनला तिची चूल ऐकू आली, मग चूल जाऊन आलेला स्टोव्ह, मग गॅस. लेकीचं रडणं. सुमतीकाकूंचं भिंतीपलीकडचं भांडण. भाकरीवर पाण्याचा हात फिरल्याचा आवाज, जो तिला वाटायचं की आवाजच नाही. आणि मग कुणीतरी घसा खाकरला. झोपेतून उठून, कूस बदलून, सकाळी खाकरावा तसा.

"दूध आलं काय?" नेमिनाथाने विचारलं.

सगळ्या नाट्यगृहाला ऐकू गेलं. बाईंनी तो प्रश्न अलगद समेवर ठेवला आणि हजारभर माणसांच्या तोंडून एकदम "वा" निघालं. गाण्यातलं ओ की ठो न कळणाऱ्या नेमिनाथाला एवढी दाद मिळाली.

"आलंय," मालन म्हणाली. तिच्या तोंडून ते आपसूक गेलं. रोज सकाळी ती असंच म्हणायची. कुणी वळून पाहिलं नाही.

बाई परत परत तिथे आल्या. प्रत्येक वेळी नेमिनाथाने विचारलं, कधी कंटाळून, कधी घाईत, एकदा तर आजारातल्या बारीक आवाजात. आणि प्रत्येक वेळी मालनने उत्तर दिलं. तिला आनंद किती झाला आणि वाईट किती वाटलं याचा हिशोब तिला लागत नव्हता. डब्यात हा माणूस होता आणि आपण त्यावर झाकण लावत होतो. आणि आता तो दिला. दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या, आणि रडताना तिला हसूही येत होतं.

उजेड सरायच्या सुमाराला बाईंनी मारवा संपवला. हात जोडले. त्यांच्यात आता काही शिल्लक नव्हतं हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसत होतं. ज्याला जो स्वर लागला तो त्याच्याकडे निघून गेला होता. त्यांना खुर्चीसकट उचलताना त्या म्हणाल्या, "हळू, रिकामी आहे मी," आणि उचलणाऱ्यांनी हळू उचललं. टाळ्या वाजल्या नाहीत. टाळी वाजवली तर आपला स्वर घाबरेल अशी लोकांना भीती होती. पाटगावकरांनी ध्वनिक्षेपकावर येऊन सांगितलं की समितीकडे साठा शून्य असून समिती बरखास्त होत आहे. मग त्यांनी पुन्हा चष्मा काढला.

मालनने पदर झटकला. पिशवीत हात घातला. डबा कानाला लावला. काही नव्हतं. तिला कुठलाच स्वर लागला नव्हता, आणि का ते तिला कळलं. तिने स्वर ऐकलाच नव्हता. ती नेमिनाथाला ऐकत बसली होती.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत एक जोडपं मोटारसायकलपाशी उभं होतं. मुलीच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. मुलाने हेल्मेट उलटं करून छातीशी धरलं होतं आणि त्यावर तळहात झाकला होता. मालन जवळून गेली आणि थांबली. हेल्मेटमधला आवाज तिने दुरून ओळखला असता.

"निषाद हाय," मुलगी म्हणाली. तिचं नाव रेश्मा तांबोळी, आणि नवरा अर्शद. गारगोटीला नुकतीच खोली केली होती, सामान अजून लागायचं होतं. "ह्यांस्नी लागला. आता डोक्याला काय घालायचं म्हणून उभं राहिलोय."

मालन हेल्मेटकडे बघत राहिली, तसं अर्शदला उमगलं. "मावशी, मघाशी बोलत होता त्या तुम्हीच न्हवं? आम्ही मागंच होतो. तुमचाच हाय काय? घ्या की मग."

त्याने खरोखरच हेल्मेट पुढे केलं. मालनचे दोन्ही हात वर गेले. तिथवर गेले आणि थांबले. हातानं घेतलेला स्वर आठ दिवसांत डास होतो. ती डासावरही राहिली असती. पण डासाला दूध आलं का ते विचारता येत नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "तुला लागलाय. तुझ्याच घरी जाईल."

तिने डबा रेश्माच्या हातात दिला. "ह्यात ठेवा. पीठ काढू नका, संपत आलं की वरनं नवं घाला. झाकण घट्ट हाय, जोर लावायला लागतो."

अर्शदने हेल्मेट डब्यावर कलतं केलं. निषाद पिठात उतरला आणि आत कुणीतरी घसा खाकरला. रेश्मा दचकली नाही. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली, घरात वडीलधारं माणूस आल्यावर करतात तशी.

"मावशी, सकाळी काय विचारलं तर काय सांगायचं आम्ही?"

"आलंय म्हणायचं," मालन म्हणाली. "लई लवकर विचारतात. तवर आलेलं नसतंय. तरी आलंय म्हणायचं, म्हणजे परत झोपतात."